पेठेचा आहेर

तमाम वाचकांना, त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांना आणि दुकानाच्या ओट्यावर बसून दुसऱ्याचं वर्तमानपत्र फुकट वाचणाऱ्या सर्व सज्जनांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की आमच्या गावची बाजारपेठ कुठल्या साथीनं, पुरानं किंवा सरकारी कारस्थानानं मेली नाही. ती आम्ही मारली. टाळ्या वाजवून मारली. आणि टाळ्या वाजवा, असं माईकवरून सांगणारा इसम मी होतो.

माईक हा माझा धंदा नव्हे, व्यसन. धंदा भांड्यांचा, तोही दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. गाव हिंगोली जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच राहायचं आहे. वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत एक सरळ रस्ता, दोन्ही अंगांना दुकानं, प्रत्येक दुकानाला दगडी ओटा. ही आमची पेठ. गणपतीचा कार्यक्रम असो, पोलिओचा डोस असो की कुणाची म्हैस हरवलेली असो, गावाला माईकवर माणूस लागला की मला बोलावणं यायचं. नाही आलं तर मी माईकच्या आसपास खोकत फिरायचो.

दर गुरुवारी याच रस्त्यावर आठवडी बाजार भरायचा. भाजीवाले, बांगडीवाल्या, दोरखंडवाले, गुळाच्या ढेपा घेऊन बसणारे. सगळे आसपासच्या खेड्यांतले. ज्याच्या बापाची जागा जिथं, तिथंच तो बसणार. आमच्या ओट्याखालची जागा मिरचीवाल्या मावशीची होती. तिचं घर मेंढरवाल्यांचं. नवरा आणि लेक मेंढरांमागं रानोमाळ, आणि ही मिरचीचं पोतं घेऊन बाजारोबाजार. माझ्या जन्माआधीपासून ती तिथं बसत होती. तिनं पोतं उपडं केलं की अर्धी पेठ शिंकायची.

आता शिंकेचं दुःख भांड्यांच्या दुकानदारालाच विचारा. आमच्याकडं बाई भांडं घेताना ते उचलते, बोटाच्या पेरानं टिचकी मारते, कानाशी नेते. नाद पसंत पडला की सौदा झाला. पण गुरुवारी बाई टिचकी मारायची, कानाशी न्यायची आणि शिंकायची. शिंक म्हणजे अपशकुन. हातातला हंडा लगेच खाली, आणि बाई चार पावलं मागं.

"मावशी, पोतं जरा तिकडं सरकव की," मी ओरडायचो. "गिऱ्हाईक शिंकून राहिलंय!"

"शिंकू दे की रे लेकरा," ती खालूनच म्हणायची. "दोनदा शिंकलं की दोष जातोय. अजून एक मिरची हाणू का तिच्या नाकापशी?"

दादा हसायचे. मी हसत नसे. मला पेठ सुधारायची होती.

नव्वदचं दशक संपता संपता आम्ही परभणीकर एका फटक्यात हिंगोलीकर झालो. नवा जिल्हा! गावात सगळ्यांच्या चालण्यात फरक पडला. आता कलेक्टर हाकेच्या अंतरावर. उद्या तो सहज फिरत आला तर? आमच्या शेजारच्या कापडवाल्या शेटजींनी ओट्याला हिरवा रंग दिला. समोरच्या हॉटेलवाल्यानं कपबशा बदलल्या. मग आम्ही दुकानदारांनी मिळून पेठ सुधार समिती काढली, आणि समितीनं सर्वानुमते शोधून काढलं की पेठेत घाण फक्त गुरुवारी होते.

ग्रामसभेत बोलायला अर्थात मी उभा राहिलो. तो माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम प्रयोग होता. मी एक हात वर केला, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "बंधूंनो, उद्या साहेब आपल्या पेठेत आले तर त्यांच्या पायाखाली काय येईल? कांद्याची टरफलं! त्यांच्या कानावर काय पडेल? शिंका!" आणि मी माईकमध्ये अशी एक शिंक दिली, की मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं "सत्य हाय" म्हणून चुटकी वाजवली. सभा हसून कोसळली. टाळ्या पडल्या. बाजार गावाबाहेर, फाट्याजवळच्या माळावर हलवायचं ठरलं. त्या सभेत बाजारवाल्यांतलं कोणीच नव्हतं. ते आमच्या गावचेच नव्हते, मग त्यांना विचारायचं तरी कशाला?

घरी आल्यावर दादा एवढंच म्हणाले, "शिंक मात्र बराबर काढलीस."

पुढच्या गुरुवारी मी ऑटोत भोंगा लावून पेठेतून फिरलो आणि सगळ्यांना माळावर जायला सांगितलं. लोक कुरकुरत उठले. मावशी उठेना. तिनं पोतं अर्धं उघडलेलं होतं.

"काहून रे? आमी काय केलं?"

"मावशी, विकास होऊन राहिलाय गावाचा," मी भोंग्यातूनच सांगितलं.

"मंग होऊ दे की. मी काय त्याच्या पायात येऊन राहिले का?"

ऑटोवाला हसला. मीही हसलो, आणि ते हसणंसुद्धा भोंग्यातून गावभर गेलं. ती उठली, पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं, आणि आमच्या ओट्यावर हात टेकून उभी राहिली. दादा गादीवरून उठून खाली आले आणि त्यांनी ते पोतं उचलून तिच्या डोक्यावर दिलं. मी ऑटो पुढं घ्यायला सांगितला.

पेठ सुरेख दिसू लागली. इतकी, की तिच्यात पाय ठेवायची कुणाची हिंमत होईना. एकदा लाल दिव्याची गाडी खरंच आली. आम्ही सगळे ओट्यांवर उभे. ड्रायव्हरनं काच खाली केली आणि बाजार कुठं भरतो ते विचारलं.

काय बिघडलं ते आम्हाला फार हळू कळलं. खेड्यातली बाई हंडा घ्यायला म्हणून गावात येत नाही. ती मिरची, मीठ, बांगडी घ्यायला येते. उन्हात फिरून दमते, ओट्यावर टेकते, पाणी मागते, आणि पाणी पिता पिता तिची नजर मांडणीवरच्या हंड्यावर जाते. आमच्या ओट्यावर दादांनी पाण्याचा एक रांजण ठेवलेला होता. बाजाराच्या दिवशी तो भरता भरता आईचे हात दुखायचे. आता एकदा भरला की तसाच राहायचा. पाणी शिळं झालं की दादा ते रस्त्यावर ओतायचे, रांजण घासायचे आणि पुन्हा काठोकाठ भरायचे.

"कोण पिणार हाय?" आई विचारायची.

"आलं कोणी तर?" दादा म्हणायचे.

भांडी रोज पुसली जायची. विकली जात नव्हती म्हणून ती पुसून पुसून आरशासारखी झाली, आणि दादा त्यांच्यासमोर बसलेले असायचे. बसून बसून त्यांचं बोलणंही कमी झालं. हे दुकान त्यांच्या वडिलांनी घातलेलं. ते आपल्या हयातीत बंद पडणार, हे त्यांना दिसत होतं, आणि ते कुणामुळं, हेही. पण ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर देण्यात मी वस्ताद होतो.

समितीनं उपाय सुरू केले. दिवाळीला लकी ड्रॉ काढला. खरेदीवर कुपन, पहिलं बक्षीस कुकर, आमच्याच दुकानातला. पण बाहेरचं गिऱ्हाईकच नव्हतं. पेठेतले दुकानदार एकमेकांकडं खरेदी करत राहिले. सोडतीत दादांचं कुपन निघालं, आणि कुकर वाजतगाजत जिथून गेला होता तिथंच परत आला. मग मी ऑटोला भोंगा लावून आमच्या शेजारच्या गोरेगावच्या बाजारापर्यंत गेलो. जीपगाड्यांच्या रांगेपाशी उभा राहून आमच्या पेठेची महती गायली. कापड तलम, भांडी ठणठणीत, रस्ता स्वच्छ! एका जीपमधल्या बाईनं मान बाहेर काढली.

"सम्दं ऐकलं भाऊ. पण मिरची कुठं भेटती तुमच्या पेठंत?"

मी भोंगा बंद केला. येताना ऑटोवाला म्हणाला, "मालक, बॅटरी उतरली का?" मी हो म्हणालो.

त्यानंतरच्या बैठकीत शेवटी कोणीतरी बोललं, की बाजार परत पेठेत आणू. बोलल्यावर सगळे खाली बघू लागले. मुद्दा असा होता, की ग्रामपंचायतीचा ठराव फिरवणं सोपं. माणसं कशी फिरवायची? माळावर कडुलिंबाची सावली होती, जीपगाड्या आता तिथंच थांबत होत्या, चहाच्या टपऱ्या झाल्या होत्या. त्यांनी आमच्या दारात परत का यावं? आणि सगळे बघणार मावशीकडं. ती सगळ्यांत जुनी. ती उठली तर बाकीचे उठतील.

दादा पहिल्यांदाच बोलले. "सोयरा रुसला म्हंजे काय करतो आपुन? मांडवातून उठून गेला तर? घरचं कर्तं माणूस जातं, टोपी-टॉवेल देतं, खण-चोळी देतं, पाया पडतं. हात हालवत जाऊन कोणी येत न्हाई."

हे सगळ्यांना एकदम पटलं. आहेर करायचा! गुरुवारी माळावर जायचं, वाजंत्री लावून, पुरुषांना टॉवेल-टोपी, बायांना ब्लाउजपीस, हळदकुंकू, नारळ. मला लगेच नाटकाचा पडदा वर गेल्यासारखं वाटलं. शेटजी म्हणाले, "कापड माझ्याकडून." टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानात गेलो, तर त्यांनी माळ्यावरून एक गठ्ठा खाली घेतला आणि धूळ झटकली.

ज्यांनी कधी आमच्याकडं लग्न केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापडाच्या दुकानात दोन जातीचं कापड असतं. एक घालायचं, एक देण्याघेण्याचं. देण्याघेण्याचं ब्लाउजपीस कोणी शिवत नाही. ते या लग्नात मिळतं, पेटीत जातं, पुढच्या लग्नात दुसरीला जातं. शिवलंच तर पहिल्या पाण्यात रंग जातो आणि दुसऱ्यात कापड. घेणारीला ठाऊक असतं, देणारीला ठाऊक असतं, कोणी बोलत नाही. टॉवेलचंही तसंच. त्यानं हात पुसला तर हात ओलाच राहतो.

"शेटजी, घालायच्यातलं काढा की," असं मी म्हणालो का? नाही. मी म्हणालो, "हे लाल मावशीला द्या, मिरचीला शोभतं." आणि आम्ही दोघं मनसोक्त हसलो. घरी गठ्ठा आणला तेव्हा माझ्या बायकोनं एक पीस चिमटीत धरलं.

"हे देऊन राहिलात व्हय?"

"मान बघायचा असतो, कापड नसतं बघायचं."

"ज्या तोंडानं हाकललं, त्याच तोंडानं बोलवायला निघालात. निदान कापड तरी दुसरं न्या."

मी तिला सांगितलं की तुला सार्वजनिक जीवन कळत नाही.

गुरुवारी आम्ही निघालो. पुढं हलगी, मागं समिती, मध्ये दादा. त्यांनी लग्नातला कोट घातला होता आणि ते पुष्कळ दिवसांनी भराभर चालत होते. माळावर बाजार ऐन भरात होता. आम्हाला बघून आधी लोकांना वाटलं कोणाची वरात आहे. मी लिंबाखाली माईक बांधला आणि भाषण सुरू केलं. पेठ म्हणजे माहेर आहे, बाजार म्हणजे लेक आहे, लेकीविना माहेराचं अंगण सुनं आहे. आवाज योग्य ठिकाणी कापरा केला. ज्या जागी तीन वर्षांपूर्वी शिंक दिली असती, त्या जागी हुंदका दिला. बांगडीवाल्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. गूळवाला मोठ्यानं म्हणाला, "भोंगेवाल्यानं बोली बदलली रे!" हशा झाला, पण वाईट नव्हता. लोक आहेर घेत होते, टोप्या घालून बघत होते.

मावशीची पाळी आली. ती पोत्यामागून उठली नाही. दादाच तिच्यापुढं जाऊन खाली बसले, कोटासकट, मातीत. ताट घेऊन बरोबर आलेल्या माझ्या आईनं तिला हळदकुंकू लावलं. दादांनी नारळ आणि ते लाल पीस दोन्ही हातांनी पुढं केलं.

"चुकलं आमचं," दादा म्हणाले. "तुमची जागा तशीच हाय. कोणाला बसू दिलं न्हाई तिथं."

सगळा बाजार वळून बघू लागला. माझ्या भाषणानं वळला नव्हता. मावशीनं पीस हातात घेतलं आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला. ती बाजारोबाजार फिरलेली बाई. ते काय कापड आहे हे तिला कळलं नसेल, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं आहे, पटत नाही. तिनं ते कपाळाला लावलं.

इथं मी जरा थांबतो आणि पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण त्यानंतर जे बोललं गेलं त्याच्यापुढं मला काही सांगता येत नाही. बाजार पेठेत परत आला नाही. कोणी भांडलं नाही, कोणी आहेर परत फेकला नाही. ते फक्त आले नाहीत. दोन-तीन गुरुवार आम्ही रस्ता झाडून, पाणी मारून वाट बघितली. मग एका गुरुवारी दादांनी हातगाडीवर भांडी भरली आणि माळावर नेली. मी म्हणालो, "लोक काय म्हणतील?" ते म्हणाले, "म्हणतील, भांडेवाला आला." तिथं मावशीनं आपलं पोतं सरकवून त्यांना सावलीत जागा करून दिली. आज दादा नाहीत. दर गुरुवारी त्या जागी ताडपत्री टाकून मी बसतो. शेजारी आता मावशीची सून असते. बाया टिचकी मारतात, कानाशी नेतात, शिंकतात. कोणी आमच्यासाठी पोतं हलवत नाही, आणि हलवा म्हणायला माझी जीभ उचलत नाही. गिऱ्हाइकांना हसवायला मी सगळ्या गोष्टी रंगवून सांगतो. ही एक ताडपत्रीवर बसून सांगवत नाही.

तर मावशीनं पीस कपाळाला लावलं. मग ती उठली, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं दादांना म्हणाली, "भाऊ, बाकीच्या पेटीत ठेवतील. मी न्हाई ठेवायची. पेठंनं मानानं दिलंय, मी हे शिवणार. अन् फुडल्या गुरवारी अंगात घालून तुमच्या ओट्यापशी येऊन बसणार."

दादांचा चेहरा मी त्यानंतर कधी तसा पाहिला नाही. हलगीवाल्यानं काठी उचलली होती. बांगडीवाल्या उठून उभ्या राहू लागल्या होत्या. आणि या मंगल प्रसंगी दात्यानं दोन शब्द बोलावेत, म्हणून मी, मीच, माईक शेटजींच्या तोंडाशी धरला. शेटजी मनानं सरळ माणूस. दुकानात खेड्यातली बाई असल्या कापडाच्या ढिगाकडं वळली की ते गादीवरून तिला आधी सावध करायचे. उद्या येऊन कोणी रंग गेला म्हणू नये. चाळीस वर्षांची सवय. मावशीच्या हातातल्या त्या लाल कापडाकडं बघून ते घाबरून गेले, आणि भोंग्यातून, माळभर, फाट्यापर्यंत ऐकू गेलं:

"अवो मावशी, शिवू नका ते! घालायचं न्हाई ते, देण्याघेण्याचं हाय!"